चार-पाच वॅटचा व्हॉल्व्ह गिटार अँप्लिफायर घरी बांधताना

प्रश्न असा आहे: आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालंय, सोल्डरिंग येतं, निपाणीजवळच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून आहे. त्यातले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढून गिटारसाठी छोटा अँप्लिफायर बांधता येईल का, आणि बाकीचं सामान बेळगावात मिळेल का?

बांधता येईल. सर्किट हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे: दोन व्हॉल्व्ह आणि तीस-पस्तीस सुटे पार्ट. अँप चांगला वाजणार की घुमत राहणार, हे मात्र दोन ट्रान्सफॉर्मर आणि ग्राउंडची जोडणी यांवर ठरतं. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

आधी रेडिओचं बघू. तो वाजत असेल तर मोडू नका. वाजता व्हॉल्व्ह रेडिओ पुन्हा जमवणं अँप बांधण्यापेक्षा अवघड आहे. बंद असेल तर मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर वाचा. ई असेल, म्हणजे ईएल ८४, ईझेड ८०, ईसीएच ८१ असे नंबर असतील, तर हीटर (व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचे आहेत आणि ते कामाचे आहेत. यू असेल (यूएल ८४, यूसीएल ८२) तर तो एसी-डीसी रेडिओ आहे. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळे हीटर १०० मिलिअँपिअरवर सिरीजमध्ये असतात आणि चॅसिस थेट लाइनला जोडलेली असते. त्या चॅसिसवर गिटारचा जॅक बसवला तर प्लग उलटा लागल्या क्षणी गिटारच्या तारांवर फेज येतो. असा रेडिओ या कामासाठी वापरायचाच नाही. पी अक्षराचे व्हॉल्व्ह जुन्या टीव्हीतले, ३०० मिलिअँपिअर सिरीजचे. तेही बाजूला ठेवा.

ई मालिकेच्या रेडिओतून ईएल ८४, म्हणजे स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह, आणि त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळतो. हा ट्रान्सफॉर्मर नेमका आपल्याला हवा त्या जातीचा असतो, फक्त कोअर लहान असल्याने खर्जाच्या तारा पातळ वाजतात आणि सेकंडरी बहुधा ३ ते ५ ओहमची असते. त्यावर ८ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला दिसणारा लोड जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून ४ ओहमचाच स्पीकर लावा. रेडिओतले कंडेन्सर मात्र एकही वापरू नका. जुने मेणाचे आणि कागदी कंडेन्सर लीक होतात आणि त्यापायी ईएल ८४ जळतो.

दुसरा व्हॉल्व्ह ईसीसी ८३, गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा. तो रेडिओत क्वचितच सापडतो. जुन्या लाउडस्पीकर अँप्लिफायरमध्ये तो असतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसिव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यामुळे बीईएल छाप ईएल ८४ आणि ईसीसी ८३ जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात अजून निघतात. न मिळाल्यास स्लोव्हाकियातल्या जेजेचे नवे घ्या. रेझिस्टर, कंडेन्सर, टॅग स्ट्रिप, जॅक हे बेळगावात मिळतं. व्हॉल्व्हचे सिरॅमिक सॉकेट आणि ४५० व्होल्टचे चांगले कंडेन्सर न मिळाल्यास बंगळुरूचा एसपी रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

सर्किट १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्प या छोट्या गिटार अँपच्या वळणाचं ठेवा, फक्त त्यातल्या ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या जागी ईएल ८४. इनपुट जॅकवर १ मेगओहम ग्राउंडला, तिथून ६८ किलोओहम सिरीजमध्ये घेऊन ईसीसी ८३ च्या पिन २ ला. हा ६८ किलोओहम सॉकेटच्या पिनला चिकटूनच सोल्डर करा. जॅकजवळ लावला तर मधली वायर रेडिओ स्टेशन पकडते. अॅनोड पिन १ ला १०० किलोओहम, कॅथोड पिन ३ ला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरॅड. अॅनोडवरून २२ नॅनोफॅरॅड, ६३० व्होल्टच्या कंडेन्सरने १ मेगओहमच्या लॉग व्हॉल्यूम पॉटवर, पॉटच्या मधल्या टोकावरून पिन ७ ला. ईसीसी ८३ च्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात; त्यातल्या दुसऱ्याचा अॅनोड पिन ६ ला पुन्हा १०० किलोओहम, कॅथोड पिन ८ ला १.५ किलोओहम, पण इथे समांतर कंडेन्सर नाही. पिन ६ वरून आणखी एक २२ नॅनोफॅरॅड, मग २२० किलोओहम ग्राउंडला, आणि २.२ किलोओहममधून ईएल ८४ च्या पिन २ ला. कॅथोड पिन ३ ला १८० ओहम ५ वॅट आणि समांतर १०० मायक्रोफॅरॅड ६३ व्होल्ट. पिन ७ अॅनोड, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरला. पिन ९ स्क्रीन, त्याला ४७० ओहम १ वॅटमधून सप्लाय. पिन १, ६ आणि ८ आतून वापरात असतात, त्यांचा जोडबिंदू म्हणून उपयोग करू नका. अॅनोडचे १०० किलोओहम १ वॅटचे मेटल फिल्म घ्या. पाव वॅटचा रेझिस्टर वॅटेज पुरलं तरी व्होल्टेजला कमी पडतो आणि काही महिन्यांनी चरचरायला लागतो.

हीटरमध्ये एक चूक फार होते. ईसीसी ८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक, आणि पिन ९ हे दुसरं टोक. ४ आणि ५ मध्येच ६.३ दिले तर व्हॉल्व्ह अर्ध्या व्होल्टेजवर मंद जळतो, आवाज येतो पण दबलेला, आणि माणूस दोन दिवस रेझिस्टर बदलत बसतो. ईएल ८४ चा हीटर पिन ४ आणि ५ वरच आहे.

आता मेन्स ट्रान्सफॉर्मर. तयार मिळत नाही, वाइंड करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बेळगावसारखी सोय कमी ठिकाणी आहे. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आणि शहरात मोटार रिवाइंडिंगचं काम करणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडे ताम्र तार, मिलिनेक्स (इन्सुलेशनची प्लॅस्टिक फिल्म), लेदरॉइड पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद), एम्पायर स्लीव्ह आणि व्हार्निश भाजायची भट्टी असते. नुसतं तोंडी सांगू नका, सगळे आकडे कागदावर लिहून द्या: पुढ्यातला कारागीर मराठी बोलणारा असो की कन्नड, आकड्यांत गोंधळ होत नाही.

वर्क ऑर्डर अशी लिहा. ईआय स्टॅम्पिंग, मधली जीभ ३२ मिलिमीटर, थर ३२ मिलिमीटर. एका व्होल्टला ५ फेरे. प्रायमरी २९ गेज, ११५० फेऱ्यांवर २३० व्होल्टचा टॅप, १२५० वर २५० व्होल्टचा टॅप. एचटी (चढ्या व्होल्टेजची) सेकंडरी ३२ गेज, १०५० फेरे. हीटर सेकंडरी १९ गेज, ३३ फेरे. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक थर, त्याची एक तार बाहेर चॅसिसला.

या पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येऊ द्या, पण मध्ये मिलिनेक्सचा तुकडा हवाच. टोकं टेकली तर तो पत्रा एक शॉर्ट झालेला फेरा होतो आणि ट्रान्सफॉर्मर पाच मिनिटांत धुरायला लागतो. वाइंडिंग करताना शेजारी उभं राहून हे एवढं स्वतः बघा.

एका व्होल्टला ५ फेरे हे प्रमाण या कोअरला मुद्दाम थोडं जास्त धरलं आहे. दुकानदार ४ पुरेत म्हणेल, तार वाचते. पण कोअर कडेला चालवला की व्होल्टेज चढताच स्टॅम्पिंग गुणगुणायला लागतात आणि त्यांचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतं. २५० चा टॅपही त्याचसाठी. खानापूर, चंदगड सीमेकडच्या गावांत किंवा शेतातल्या घरात शेतीपंपांच्या वेळेनुसार हेस्कॉमचं (इकडच्या वीज कंपनीचं) व्होल्टेज खाली-वर होतं. पंप बंद झाल्यावर रात्री २५० च्या वर गेलं तर २३० च्या टॅपवर हीटरला ७ व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. तुम्ही ज्या वेळी वाजवणार त्या वेळचं व्होल्टेज आठवडाभर मोजा आणि त्याप्रमाणे टॅप निवडा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच मापाच्या कोअरवर होतो. प्रायमरी ३४ गेज २५०० फेरे, सेकंडरी २० गेज १०० फेरे. २५ ला १ हे प्रमाण ८ ओहमच्या स्पीकरला ५ किलोओहम करून दाखवतं, आणि ईएल ८४ ला साधारण तेच हवं असतं. आधी प्रायमरीचे १२५० फेरे, त्यावर सगळी सेकंडरी, त्यावर उरलेले १२५०. असं केलं की वरचे सूर मरत नाहीत.

आणि इथे वाइंडर हमखास चुकतो. मेन्स ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय पट्ट्या आलटून-पालटून भरतात, त्याचा हात तसाच चालतो. आपल्या ट्रान्सफॉर्मरमधून कायम ४०-४५ मिलिअँपिअर डीसी वाहतो. फट नसेल तर कोअर त्या डीसीनेच भरून जातो आणि सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा सूर फाटका, पोकळ येतो. म्हणून सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ०.२ मिलिमीटरचा लेदरॉइड पेपर. मग क्लॅम्प घट्ट आवळून व्हार्निश. २३०-९ व्होल्टचा बाजारातला तयार ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचा सल्ला खूप जण देतात. प्रमाण जुळतं, ५ किलोओहमच्या आसपास येतं, पण पट्ट्या आलटून-पालटून भरलेल्या असल्याने नेमका हाच दोष येतो. त्यावर फार तर सर्किट चालतंय का एवढं बघा.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी दुकानातच ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाइंडिंग ते वाइंडिंग आणि वाइंडिंग ते कोअर तपासून घ्या. मेन्सवाला ६० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये, सेकंडरी मोकळ्या ठेवून लावा. बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे. मंद जळत राहिला तर आत फेरे शॉर्ट आहेत. पावसाळ्यात हे काम करून घेत असाल तर व्हार्निशनंतर भट्टीत पुरेसं भाजलंय याची खात्री करा. खानापूर पट्ट्यातल्या दमटपणात कच्चं राहिलेलं वाइंडिंग सप्टेंबरपर्यंत टिकत नाही.

सप्लाय साधा आहे. २०० व्होल्टच्या एचटीवर चार १एन४००७ चा ब्रिज, मग ४७ मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्ट. २२० ओहम ५ वॅट. पुन्हा ४७ मायक्रोफॅरॅड, इथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर. १ किलोओहम २ वॅट, २२ मायक्रोफॅरॅड, इथून स्क्रीन. २२ किलोओहम १ वॅट, २२ मायक्रोफॅरॅड, इथून ईसीसी ८३. पहिल्या कंडेन्सरवर कायमचा १०० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर) हवाच. मेन्सला ५०० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज. व्हॉल्व्ह गरम होण्याआधी या कंडेन्सरवर ३०० व्होल्टच्या आसपास येतात आणि लाइन चढलेली असली तर त्याहून जास्त, म्हणून ३५० व्होल्टचा कंडेन्सर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

चॅसिसला भोकं पाडायच्या आधी एक काम करा, त्याने पुढचा अर्धा त्रास वाचतो. मेन्स ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर नुसता ठेवा, सेकंडरीची टोकं वेगवेगळी टेप करा, फ्यूजमधून सप्लाय द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा आणि तो पत्र्यावर हळूहळू सरकवत, फिरवत ऐका. घुमणारा आवाज एका कोनात एकदम पडतो. तिथे पेन्सिलने खूण करा. हेडफोन नसेल तर मल्टिमीटर एसी २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रायमरीला लावा आणि सर्वांत कमी आकडा शोधा. बहुधा दोन्ही कोअर काटकोनात आल्यावर तो मिळतो, पण काटकोन धरून आंधळेपणाने भोकं पाडण्यापेक्षा ऐकून पाडा. चॅसिस १.५ ते २ मिलिमीटर अॅल्युमिनियमची बरी, उद्यमबागेत वाकवून मिळते. सॉकेटच्या भोकाचं माप मात्र सॉकेट हातात आल्यावर मोजूनच द्या, प्रत्येक बनावटीचं वेगळं असतं.

ग्राउंडला दोन वेगळी कामं आहेत आणि ती मिसळायची नाहीत. मेन्सची अर्थ वायर, पॉवर केबल आत येते तिथेच, स्वतंत्र बोल्टने आणि दातेरी वॉशर घालून चॅसिसला, रंग खरवडून. त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही. ऑडिओचं ग्राउंड म्हणजे जाड उघडी तार: एका टोकाला पहिला फिल्टर कंडेन्सर आणि ईएल ८४ चा कॅथोड, दुसऱ्या टोकाला ईसीसी ८३ आणि इनपुट जॅक, आणि चॅसिसला एकदाच, इनपुटजवळ. म्हणून इनपुट जॅक प्लॅस्टिक बॉडीचा, चॅसिसपासून अलग. हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. दोन्ही वायरींवरून प्रत्येकी १०० ओहम घेऊन ते एकत्र करा आणि ग्राउंडऐवजी ईएल ८४ च्या कॅथोडला जोडा. हीटर त्यामुळे आठ व्होल्ट वर जातो आणि उरलीसुरली घरघर बरीच बसते.

घरातलं अर्थिंग तपासल्याशिवाय अँप लावू नका. जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर नुसती लोंबत असते. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायला सांगा: पूर्ण उजेड पडला पाहिजे, आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती पडली पाहिजे. दोन्हींपैकी काहीच होत नसेल तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग गिटार. घरघर कमी होते म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे लोक आहेत. आत ३०० व्होल्ट आणि हातात धातूच्या तारा, हे करायचं नाही.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. बल्बच्या सिरीजमध्ये आधी व्हॉल्व्ह न लावता: पहिल्या कंडेन्सरवर २९० ते ३०० डीसी, हीटरवर ६.६ च्या आसपास एसी. मग फक्त ईसीसी ८३ लावून, थोडा वेळ थांबून, ईएल ८४ च्या रिकाम्या सॉकेटच्या पिन २ वर डीसी मोजा. शून्य हवं. पाव व्होल्ट जरी दिसलं तरी कपलिंग कंडेन्सर लीक आहे, बदला. मग स्पीकर किंवा ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर जोडून ईएल ८४ लावा आणि बल्ब काढून थेट लाइनवर घ्या. लोडशिवाय हा अँप कधीच चालवू नका; सूर आला की प्रायमरीत उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडतं. स्पीकर जॅकला कायमचा ४७० ओहम ५ वॅट लावून ठेवला तर प्लग निसटला तरी थोडं संरक्षण राहतं.

मोजमापं साधारण अशी यावीत: पहिला कंडेन्सर २६५ ते २७०, दुसरा २५३ च्या आसपास, स्क्रीनचा २४५, ईसीसी ८३ चा २१०, त्याचे अॅनोड १३० ते १५०, कॅथोड १ ते १.२. ईएल ८४ च्या कॅथोडवर ८ ते ८.५ व्होल्ट. हा शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. ८.४ भागिले १८० म्हणजे ४७ मिलिअँपिअर, त्यातले ५ स्क्रीनचे वजा करा, ४२ उरले. अॅनोड ते कॅथोड सुमारे २३६ व्होल्ट, गुणाकार १० वॅटच्या थोडा खाली. ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅट आहे, म्हणजे रात्री लाइन चढली तरी जागा उरते. १५० ओहम लावून जरा जास्त आवाज काढता येतो, पण आपल्याकडच्या लाइनवर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात बघा, अॅनोडचा पत्रा कुठेही लालसर दिसला तर लगेच बंद करा.

मोजताना एक हात मागे, मीटर ६०० व्होल्ट कॅट टू किंवा त्याहून वरचा, काळी क्लिप आधी ग्राउंडला. बंद केल्यावर दीड मिनिट थांबा, मग पहिल्या कंडेन्सरवर १० व्होल्टच्या खाली आलंय हे मीटरवर बघूनच हात घाला. ब्लीडर तुटला असेल तर कंडेन्सर भरलेलाच राहतो. तसं झालं तर १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने क्लिप लावून सोडवा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

सगळं नीट वाजल्यावर फीडबॅक जोडा: स्पीकरच्या ग्राउंडला न जोडलेल्या टोकावरून २२ किलोओहम, ईसीसी ८३ च्या पिन ८ ला. जोडताच अँप किंचाळला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा, बाकी काही बिघडलेलं नाही. फीडबॅकने आवाज स्वच्छ आणि आटोपशीर होतो. काढला तर लवकर फाटतो आणि रॉक वाजवणाऱ्याला तेच आवडतं. छोटा स्विच लावून दोन्ही ठेवता येतं.

घरघर उरली तर आधी ती कुठली ते कानाने ओळखा. ५० हर्ट्झची खोल घूं हीटरमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रातून येते. १०० हर्ट्झची धारदार भुणभुण फिल्टर कंडेन्सरमधून किंवा ग्राउंडच्या चुकीच्या जागेवरून. अँप बंद करून ईसीसी ८३ काढा, पुन्हा चालू करा. घरघर तशीच असेल तर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर बघा. गेली तर दोष ईसीसी ८३ च्या भागात. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घरघर जाते का, तेही बघा: जात असेल तर दोष पॉटच्या आधीच्या ट्रायोडमध्ये किंवा इनपुट जॅकमध्ये. नुसत्या स्पर्शाने टण्ण वाजणारा ईसीसी ८३ मायक्रोफोनिक असतो, दुसरा लावा. पावसाळ्यात येणारी चरचर बहुधा सॉकेटच्या पिनांची किंवा पुठ्ठ्यासारख्या फायबर बोर्डाने ओढलेल्या ओलाव्याची असते, म्हणून सुरुवातीपासूनच सिरॅमिक सॉकेट आणि चांगल्या टॅग स्ट्रिप घ्या.

स्पीकर ८ ओहमचा (रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर वापरला असेल तर ४ ओहमचा) गिटारसाठी बनवलेलाच घ्या, दहा इंची असेल तर उत्तम, सेन्सिटिव्हिटी ९५ डेसिबलच्या वर. ती कमी असली तर चार वॅट खोलीतच विरतात. स्पीकर चांगला असला तर वाड्यात शेजारी दार वाजवतात. पेटी १८ मिलिमीटर प्लायची, मागून अर्धी उघडी. सागाचा मोह आवरा, वजन वाढतं आणि आवाजाला काही फायदा नाही. मागच्या उघड्या भागावर व्हॉल्व्हसमोर छिद्रांचा पत्रा लावा: ईएल ८४ ची काच इतकी तापते की हात लागताच भाजतं, आणि घरात लहान मुलं असतात.